खोडून काढणारं माणूस शोध

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तू विदर्भातल्या सिंचनाच्या अनुशेषावर, म्हणजे राज्याच्या मानाने राहिलेल्या तुटीवर, प्रबंध लिहितेस, वेगळ्या विदर्भावरच्या परिसंवादात बोलायचं बोलावणं आलंय, आणि तुझे गाईड म्हणतात, ‘आधी पीएचडी संपव, मग भाषणं दे.’ हे ऐकू की नको, असं तू विचारलंस. मला त्यांचं म्हणणं अर्धं पटतं. भाषणं कमी दे, हे बरोबर. पण प्रबंध जमा होईस्तोवर तोंडाला कुलूप लावून बसलीस, तर त्यात कुठे पोकळ जागा राहिली हे सांगणार कोण? व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, कळेल म्हणशील, तर एखाद्या व्हायवाला जाऊन बस. ती खुली असते, नोटीस लागते, शिक्षकांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी यावं अशी अपेक्षा असते. येतात मात्र उमेदवाराचे आईवडील आणि मामा-मावशी. पेढ्यांचे बॉक्स निकालाआधीच टेबलावर. बाहेरगावच्या परीक्षकांचं एक लक्ष परतीच्या गाडीकडे. ‘विषय फार समाजोपयोगी निवडला, पुढे यावर काय करणार?’ असा प्रश्न आला की समजायचं, प्रबंध वाचलेला नाही. सगळ्याच व्हायवा अशा नसतात, पण ज्या नसतात त्यांची पुढे महिनाभर कँटीनमध्ये चर्चा चालते, यावरून काय ते ओळख.

तेव्हा तुला खोडून काढणारं माणूस तुलाच शोधावं लागणार, आणि आत्ताच, प्रकरणं कच्ची आहेत तोवर. चर्चासत्राला जायचं का, जाहीर कार्यक्रमात बोलायचं का, पेपरात लेख द्यायचा का, हे सगळं मी एकाच हिशेबाने पाहतो. तिथे तुला कोणी अडवणार आहे का?

चर्चासत्राचं आधी सांगतो. दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र आपल्याकडे कसं होतं, ते तू पाहिलेलंच आहे. साडेदहाचं उद्घाटन, पाहुणे पावणेबाराला. दीपप्रज्वलन, राज्यगीत, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं प्रास्ताविक, संस्थेच्या अध्यक्षांचं त्याहून लांब मनोगत, स्मरणिकेचं प्रकाशन. बीजभाषण जेवणाच्या तोंडावर. मग दुपारी एका वर्गखोलीत दीड तासात वीस-बावीस निबंध, आणि सूत्रसंचालकाच्या हातात ‘वेळ संपली’ची चिठ्ठी. एका ठिकाणी तर एका मुलाचं शीर्षक वाचून होतं न होतं तोच चिठ्ठी पुढे सरकली. शीर्षकही लांबच होतं म्हणा. शेवटी ठरलेली घोषणा, वेळेअभावी प्रश्नोत्तरं चहाच्या वेळी करावीत. चहाच्या वेळी सगळे प्रमाणपत्राच्या रांगेत.

नुसत्या आयोजकांना नावं ठेवून भागत नाही. कॉलेजला नॅकच्या, म्हणजे मूल्यांकनाच्या, फाइलीत कार्यक्रम दाखवायचा असतो, प्राध्यापकाला बढतीसाठी गुण लागतात, आणि २०१६ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी तुमच्यासारख्यांनाही प्रबंधाआधी एक शोधनिबंध छापायची आणि दोन ठिकाणी निबंध वाचायची सक्ती केली होती. सक्ती आली की दुकानं येतात. पैसे घेऊन आठवडाभरात छापून देणारी नियतकालिकं त्याच हवेत फोफावली. त्यांना वेसण घालायला यूजीसीने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी सुरू केली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. प्रबंधाआधीच्या प्रसिद्धीची सक्ती तर नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतच निघाली. तुमच्या विद्यापीठाच्या नियमांत काही अट शिल्लक असेल तर ती निमूट पुरी कर. अट पुरी झाली म्हणजे चर्चा झाली, असं मात्र धरून चालू नकोस.

तरीही जा. तीस स्लाइडी नेऊ नकोस, एक तक्ता ने. एका कागदावर तक्ता, खाली तुझा एकच दावा, त्याखाली फोन नंबर. कार्यक्रमपत्रिका आली की तुझ्याशी न पटणारं नाव त्यात हुडक आणि त्यांना आठ दिवस आधी तो कागद मेल कर, ‘यात काय चुकतंय ते सांगा’ एवढंच लिहून. बहुतेक जण उत्तर देणार नाहीत. जो देईल त्याच्या शेजारी जेवायला बस. २०२३ च्या जानेवारीत आपल्या नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये १०८वी विज्ञान काँग्रेस भरली होती. एवढ्या मोठ्या मेळ्यात मुख्य मंडपातलं भाषण घरी बसूनही ऐकता येतं. पोस्टरपाशी एकटाच उभा असलेला संशोधक मात्र तिथेच भेटतो, आणि कोणी काही विचारावं म्हणून तो आसुसलेला असतो.

आता तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण. खरं तर हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं. ‘सिंचनाच्या बाबतीत विदर्भावर सातत्याने अन्याय झाला’ असं पहिलंच वाक्य आहे आणि त्याखाली अनुशेषाचे आकडे. मीही इथलाच, अन्याय झाला असं मलाही वाटतं. पण ते आकडे तू तीन वेगवेगळ्या पुस्तिकांतून उचलले आहेत आणि एकाच तक्त्यात एकाखाली एक मांडले आहेत. ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत.

१९८३ मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९८४ चा. तिने जिल्हा हा घटक धरला आणि राज्याची सरासरी ही रेघ धरली. रेघेखाली जेवढं राहिलं तो अनुशेष. पिकापिकाला पाणी कमीजास्त लागतं, म्हणून सिंचनाची क्षमता रब्बी समतुल्यात, म्हणजे सगळी पिकं रब्बी पिकाच्या पाण्याच्या मापात आणून, मोजली. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) खाली विदर्भासारख्या विभागांसाठी विकास मंडळं आली, निर्देशांक व अनुशेष समितीने त्या सालचा आधार धरून नव्याने हिशेब केला. नंतर विजय केळकरांची समिती, नेमणूक २०११ ची, अहवाल २०१३ चा. रेघ हलली, साल बदललं, पद्धत बदलली. तुझ्या तक्त्यात हे सगळं एका ओळीत ‘वाढता अनुशेष’ झालं आहे. वाढला असेलही, पण तुझ्या तक्त्यावरून ते सिद्ध होत नाही.

शिवाय रुपयांतला अनुशेष आणि हेक्टरांतला अनुशेष वेगळा मांड. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. आज तो खर्च कित्येक हजार कोटींत आहे. रुपये वाढले म्हणून जमीन भिजली असं नाही, आणि रुपये थकले म्हणून नेमकी किती जमीन कोरडी राहिली, हेही त्यातून कळत नाही. हेक्टर पाहतानाही ‘निर्माण झालेली क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष ओलीत’ हे दोन रकाने वेगळे ठेव. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याने ब्रह्मपुरीकडे जाऊन ये. कार्यकारी अभियंत्याच्या केबिनमध्ये चहा मिळेल, माहिती मिळेल ती कालवा निरीक्षकाकडे. नमुना ७ वर पाण्यासाठी किती अर्ज आले, पाणीपट्टी किती क्षेत्रावर आकारली, हे त्याच्या वहीत असतं. ती वही आणि वार्षिक अहवालातला आकडा शेजारी शेजारी ठेवलेस, तर तुझ्या प्रबंधात कोणी न लिहिलेलं असं एक पान तरी होईल.

आणखी एक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांचे, जमीनदारांचे, माजी मालगुजारी तलाव, तुझ्या हिशेबात कुठे बसतात? त्यांच्यावर भिजणारं धान सिंचनात धरलं आहे का? काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या विहिरींचं काय? हे प्रश्न मी तुला अडचणीत टाकायला विचारत नाही. माझ्याऐवजी दुसरं कोणी विचारील, आणि ते आपलं नसेल.

त्या दुसऱ्याचा मुद्दा काय असेल तेही सांगतो. तो म्हणेल, जिल्हा घटक धरलात म्हणून सातारा-सांगली सुखी दिसतात. आमचे माण, खटाव, जत पाहा, तिथे प्यायला टँकर लागतात. हा मुद्दा खरा आहे. दुसरा मुद्दा आणखी टोचणारा आहे. उरलेला सिंचनाचा अनुशेष मुख्यतः अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत आहे, मग नागपुरात बसून ‘विदर्भ विदर्भ’ करणाऱ्यांनी वऱ्हाडासाठी काय केलं? गडचिरोलीत प्रकल्प अडले ते १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापाशी. त्याचं खापर सरसकट पश्चिम महाराष्ट्रावर कसं फोडशील? या प्रश्नांची उत्तरं आहेत. काही तुझ्या बाजूची आहेत, काही नाहीत. दोन्ही प्रकरणात यायला हवीत, आणि तळटीपेत दडवून नव्हे.

बाबासाहेबांचं एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो, तू ते ऐकलं असशील. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, मग छापील भाषण पाहून मजकूर बदला म्हणाले. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतः छापून वाटलं. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं लोक सांगत नाहीत. गांधीजींनी त्या भाषणावर टीका केली, ती टीका बाबासाहेबांनी दुसऱ्या आवृत्तीत छापली आणि तिच्यासोबत आपलं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चाने! दीक्षाभूमी असलेल्या या गावात संशोधन करताना निदान एवढी तरी रीत आपण उचलावी, असं मला वाटतं.

तर तो जाहीर कार्यक्रम. हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर वेगळ्या विदर्भावर परिसंवाद घेणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यात काही वावगंही नाही. विदर्भाला महाराष्ट्रात घेण्याबद्दलचा १९५३ चा नागपूर करार झाला, १९५५ मध्ये फाजल अलींच्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. एवढा इतिहास असलेल्या प्रश्नावर माणसं बोलणारच. तू ये म्हणतात म्हणजे त्यांना तुझ्या तक्त्याचं वजन हवं आहे. आधी फोन करून विचार, व्यासपीठावर आणखी कोण आहे. सगळेच एका बाजूचे असतील तर संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचा एक तरी वक्ता बोलवा असं सुचव. नाही म्हणाले तर श्रोत्यांत बस, ऐक, घरी ये. हो म्हणाले तर बोल, आणि बोलताना दोन गोष्टी सुट्या ठेव: हे मी मोजलं आहे, आणि हे माझं मत आहे. वेगळं राज्य व्हावं की नाही, हे कुठल्याही तक्त्यातून निघत नाही. ते राजकीय मत आहे, ते असायचा तुला पूर्ण हक्क आहे. फक्त त्याला शोधनिबंधाची शाल पांघरू नकोस.

अधिवेशनात मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चा अडवला जातो, तिथे घोषणा देणाऱ्या माणसाला कोणी संदर्भ मागत नाही आणि मागूही नये. त्याचं काम वेगळं. त्या मोर्चातही जायचं असेल तर जा. गाईड रागावतील, ते मी पाहून घेतो. मात्र मोर्चातली ओळ प्रकरणात आणलीस तर मी लाल पेन काढीन. बोललेल्याची अर्ध्या मिनिटाची क्लिप संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फिरते, म्हणून भाषणाचं एक पान लिहून ने आणि तेच वाच. घसा बसेल, हातवारे जमणार नाहीत, हरकत नाही.

जाहीर बोलल्याने फेलोशिप अडेल, या धास्तीबद्दल तू लिहिलंस. त्यावर पत्रात काय लिहू, भेटलीस की बोलू. सहामाही प्रगती अहवाल वेळेवर देत जा आणि प्रत्येक कागदाची पोच घे.

पेपरातला लेख सध्या राहू दे. आठशे शब्दांत रब्बी समतुल्य समजावता येत नाही, आणि न समजावता आकडा दिलास तर संपादक त्याला हवं ते शीर्षक देणार.

प्रकरण नव्याने लिहिलंस की रविवारी सकाळी घरी ये. मोबाइलवर दाखवू नकोस, प्रिंट आण, एका बाजूला, समास भरपूर सोडून. तुझ्या काकूंना सांगून ठेवतो, तर्री-पोहे होतील. पण वाचताना मी विदर्भाचा नसेन हं, जतचा आमदार असेन. तयारीने ये.

तुझे,
सर