तुमचे प्रश्न : पोस्टरवाले मास्तर

प्रश्न : मुलगी अप्लाइड आर्टला आहे. तिचे सर सारखं हेन्रिक टोमाशेव्स्की हे नाव घेतात. कोण हो हे? आणि शिकवता शिकवता पोस्टरं करायला वेळ कसा मिळायचा त्यांना?

उत्तर : पोलंडचे, वॉर्सातले पोस्टर करणारे चित्रकार. जन्म 1914, गेले 2005 ला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा वॉर्सा नुसतं ढिगारा झालं होतं, आणि सरकारी सिनेमा कंपनीला पोस्टरं हवी होती, तर हे आणि त्यांचे एक-दोन मित्र तयार झाले पण म्हणाले की आम्हाला हवं तसंच करणार, नटनट्यांचे मोठ्ठे चेहरे नाही काढणार. 1948 ला व्हिएन्नाच्या प्रदर्शनात यांना एकट्याला पाच पहिली बक्षिसं! नंतर 1959 चं हेन्री मूर या इंग्लिश शिल्पकाराच्या प्रदर्शनाचं पोस्टर तर मुलीला नक्की बघायला सांगा, कागद कापून केलेली ढोबळ अक्षरं, पण नजर हटत नाही.

वेळेचं म्हणाल तर 1952 पासून 1985 पर्यंत वॉर्साच्या आर्ट अकॅडमीत शिकवलं, म्हणजे तेहेतीस वर्षं, आणि पोस्टरं चालूच. मला तर वाटतं दोन्ही एकच काम होतं त्यांच्यासाठी, कमीत कमी रेषांत मुद्दा पोचवायचा. फ्रान्सहून पोरं यायची शिकायला. त्यातल्याच पिएर बर्नार आणि जेरार पारी-क्लाव्हेल यांनी परत जाऊन 1970 मध्ये आणखी एकाला घेऊन ग्राप्युस हा पोस्टरं करणाऱ्यांचा ग्रुप काढला. त्यांची पोस्टरं पण बघा म्हणावं, हाताने लिहिलेली अक्षरं बघितली की मास्तर कोण ते लगेच कळतं.