कुंदनचा हार धुतला आणि खडे काळे पडले

प्रश्न: ताई, सासूबाईंनी जयपूरहून घेतलेला कुंदनचा हार मला दिला, मागून लाल-हिरवी मीनाकारी आहे. भाचीच्या लग्नात पैठणीवर घातला, घामाने चिकट झाला म्हणून गरम पाण्यात साबणाची पावडर टाकून रात्रभर ठेवला तर दोन खडे काळे पडले! इथे सराफ बाजारात दाखवला तर म्हणे वजन ५८ ग्रॅम पण सोनं फारतर ३० धरू, हॉलमार्कही नाही. सासूबाईंना फसवलं का हो?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: अगं नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. कुंदनचा दागिना आतून भरीव सोन्याचा नसतोच, सोन्याचं पोकळ घर करतात, त्यात लाख भरतात, वर चकाकणारा वर्ख ठेवून खडा बसवतात आणि मग शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याच्या कडेने दाबत दाबत जातात, तापवून डाग न देता म्हणजे झाळ न लावता, नुसत्या दाबाने ती घट्ट बसते. म्हणजे ५८ मध्ये लाख आणि खडे पण आले. फक्त ती पट्टी शुद्ध म्हणून अख्खा हार २४ कॅरेट असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. हॉलमार्कच्या सक्तीतून कुंदन, पोलकी (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचे), जडाऊ (खडे जडवलेले) दागिने वगळलेत, त्यामुळे जुनं बिल शोध, त्यावर ग्रॉस (सगळं मिळून) आणि नेट (नुसत्या सोन्याचं) वजन वेगळं लिहिलंय का बघ.

आता काळे खडे. मागे पाणी शिरलं की वर्ख काळवंडतो, खडा बहुतेक ठणठणीत असतो. जडाऊ काम करणारा कारागीरच शोध, तो खडा काढून वर्ख बदलून परत बसवेल. नेहमीच्या कारागिराने कडी जोडायला म्हणून ज्योत लावली तर लाखच वितळायची, आणि दागिने धुण्याच्या मशीनमध्ये तर मुळीच देऊ नकोस.

मीनाकारी म्हणजे खरं तर काच गं, रंगाची पूड सोन्यावर भट्टीत पक्की करतात, लाल सगळ्यात शेवटी कारण त्याला उष्णता कमी सोसते. आमेरच्या मानसिंग राजाने लाहोरहून कारागीर आणले असं सांगतात, पुढे जयपूरचं हे काम नावाजलं. फरशीवर आपटला तर टवका उडतो, मग तो रंग पुन्हा जुळवणं अवघड.

मोडीत मात्र घालू नकोस, मीना आणि घडणावळीचे पैसे शून्य होतात. घातल्यावर कोरड्या मलमलने पुसायचा, कापसात गुंडाळून वेगळा ठेवायचा, ठुशीबरोबर एका डब्यात नको.

आणि खडे बसवून होईपर्यंत सासूबाईंना दाखवू नकोस म्हणजे झालं.