पंपाच्या केसआधी पॉलिसीचं बघा

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 37, नऊ एकर कोरडवाहू, गावात कृषी केंद्र, सगळं मिळून वर्षाला साडेचार लाख सुटतात. 2023 च्या जाहिरातीत त्यांनी ग्रामीण पेट्रोल पंपासाठी अर्ज केला. सोडतीत नाव निघालं, पण छाननीत उमेदवारी रद्द झाली. जागा चुलतभावाची, रस्त्याला लागून, भाड्यानं घेतलेली. अर्जाच्या दिवशी हातात फक्त नोटरी केलेला स्टँप पेपर होता. भाडेपट्ट्याची नोंदणी दोन महिन्यांनी झाली. ते विचारतात, "वकील दीड लाख सांगतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका टाकू का?"

नका टाकू. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानंच होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 107 तेच सांगतं. जागा हातात असलेल्यांच्या गटात अर्ज करायचा तर किमान 19 वर्षं 11 महिन्यांचा पट्टा अर्ज करण्याआधी झालेला लागतो. सरकारी संस्थेला, इथं तेल कंपनीला, स्वतःच घातलेल्या अटी मोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1979 मध्ये रमणा शेट्टी प्रकरणात सांगून ठेवलं आहे. नोंदणी वेळेत झाली नाही म्हणून ज्यांनी त्या गटात अर्जच केला नाही, त्यांच्यावर तुम्हाला सूट देणं हा अन्याय ठरेल.

शिवाय तुम्ही पाठवलेल्या सातबाऱ्यावर चुलतभावाखाली त्याच्या दोन बहिणींची नावं आहेत. पट्ट्यावर त्यांची सही नाही, संमतीपत्रही नाही. तारखेचं जमलं तरी गाडी इथं अडेल. वेळेत नोंदवलेला पट्टा जमिनीच्या गट क्रमांकातल्या एखाद्या आकड्याच्या चुकीपायी नाकारला असता, तर मीच तुम्हाला लढा म्हटलं असतं.

मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या दोन ओळींची. "कर्ज मंजूर करायचं तर पॉलिसी काढावी लागते" असं बँकेत सांगितलं म्हणून तुम्ही 2024 पासून वर्षाला 1.20 लाखांचा हप्ता भरताय. दोन हप्ते वहिनींचे दागिने गहाण ठेवून भरले. तिसरा पुढच्या महिन्यात आहे.

असली पॉलिसी शेवटी वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास परतावा देते. दागिन्यांवर तुम्ही बारा टक्के मोजताय. अडीच लाखांवर वर्षाचं व्याज 30 हजार, चुलतभावाला पडीक जागेचं भाडं महिन्याला 5 हजार म्हणजे वर्षाला 60 हजार, वर हप्ता. नुसती पंपाची वाट पाहायला वर्षाला 2.10 लाख! कमाईचा जवळजवळ निम्मा भाग. आणि विमा किती, तर 12 लाख. घरात दोन लेकरं असताना हे संरक्षण नाही. ज्यानं हे कर्जाच्या नावावर गळ्यात मारलं, त्याचा मला संताप येतो.

तिसरा हप्ता भरू नका आणि सरेंडरच्या, म्हणजे पॉलिसी मधेच मोडण्याच्या, फॉर्मवर इतक्यात सहीही करू नका. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा : कर्जाची अट म्हणून विकली, पूर्ण पैसे परत द्या. कर्जाच्या अर्जाची आणि पॉलिसीच्या प्रस्तावाची तारीख, आलेले मेसेज, सगळं जोडा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. तिथंही हरलात तर सरेंडर करा. 2.40 लाखांतले 70-75 हजार परत येतील. झळ बसेल, पण पुढच्या आठ वर्षांचे 9.60 लाख वाचतील. 50 लाखांचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वर्षाला 10-12 हजारांत बसतो. तो तक्रारीच्या निकालाची वाट न बघता आधी घ्या.

वकिलासाठी ठेवलेले दीड लाख दागिन्यांच्या कर्जात भरा. चुलतभावासोबत बसून पट्टा रद्द करण्याचा दस्त नोंदवा, भाडं थांबवा.

"पंप लागला की महिन्याला लाख सुटतील" असंही तुम्ही लिहिलंय. पेट्रोलवर लिटरमागे चारेक रुपये, डिझेलवर तीनेक. गावच्या पंपावर महिन्याला 15 हजार लिटर पेट्रोल आणि 25 हजार लिटर डिझेल गेलं, तर 1.35 लाख. त्यातून पोरांचे पगार, वीज, घट आणि व्याज वजा करा. 40-50 हजार राहिले तरी बरं. बारा हजार लिटरचा एक टँकर मागवायलाच 11-12 लाख आधी भरावे लागतात. ते कुठून आणणार होता, हे पत्रात कुठंच नाही.

पुढची जाहिरात येईल तेव्हा दोघी बहिणींच्या सह्यांसह पट्टा आधी नोंदवा, मगच अर्ज भरा. पण दागिने घरी आल्याशिवाय नाही.