हाताची थरथर जुनीच, पण सही बिघडली

प्रश्न : माझे यजमान 61 वर्षांचे आहेत. बायपोलर आजारासाठी अकरा वर्षं लिथियम घेतात आणि त्यावर अगदी छान आहेत. हात पहिल्यापासून थोडा थरथरतो, डॉक्टर म्हणाले होते की तेवढं चालतं. तीन आठवड्यांपूर्वी गुडघा धरला म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणली, ती दिवसातून दोनदा घेत होते. रक्तदाब आहे म्हणून मी त्यांच्या जेवणातलं मीठही जवळजवळ बंद केलं आहे. गेल्या आठवड्यात बँकेत सही जुळेना, तीन वेळा करून पाहिली. चार दिवस जुलाब होतायत, चालताना झोक जातो, जीभ जड झाल्यासारखं बोलतात. हे म्हणतात, "वय झालं, दुसरं काय!" इंटरनेटवर दुष्परिणामांची एवढी मोठी यादी आहे की वाचून डोकं फिरतं. त्यातलं घाबरण्यासारखं कोणतं, कसं ओळखायचं? गोळी बंद करावी का?

उत्तर : या सदरातलं उत्तर छापून हातात पडेपर्यंत दीड महिना जातो आणि तुमच्या घरात दीड तासही वाया घालवण्यासारखा नव्हता. म्हणून पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला. पुढची गोळी देऊ नका, ह्यांना आत्ता हॉस्पिटलमध्ये न्या आणि घरातली सगळी औषधं पिशवीत घालून सोबत न्या, गुडघ्याच्या गोळीचं पाकीटसुद्धा, असं सांगितलं. रक्तातलं लिथियम 2.1 निघालं. ते साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर असावं असा आमचा प्रयत्न असतो. 1.5 च्या वर गेलं की आम्ही विषबाधा म्हणतो. सलाइनवर भागलं, डायलिसिसपर्यंत गेलं नाही. काही जणांना तेही करावं लागतं. ते आता घरी आहेत, आणि तुमच्या परवानगीनेच हे छापते आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. यादी पाठ करू नका. एकच विचारायचं: काल नव्हतं आणि आज आहे, असं काय? अकरा वर्षांची बारीक थरथर, थोडी जास्त तहान, जास्त लघवी हे लिथियमबरोबर पुष्कळांना असतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं, बस. पण तीच थरथर मोठी झाली, पेला दोन हातांनी धरावा लागला, सरळ चालणारा माणूस दारूच्या नशेत असल्यासारखा झुकायला लागला, बोलणं अडखळलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, स्नायू आपोआप उडायला लागले, दिवसाढवळ्या झोप अनावर झाली किंवा बोलण्यात गोंधळ आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. फिट आली किंवा माणूस नीट जागा होईना, तर त्याच मिनिटाला.

सुस्तीबद्दल मी स्वतःच एकदा फसले आहे. उमेदवारीच्या काळात एका म्हाताऱ्या पेशंटची मुलगी म्हणाली, बाबा गप्प असतात, झोपूनच असतात. मला वाटलं, नैराश्य परत आलं. निघता निघता ती सहज बोलून गेली, "आणि हल्ली शर्टाची बटणं मीच लावते." तेव्हा कुठे मी रक्त तपासायला पाठवलं. तेव्हापासून लिथियमच्या पेशंटला मी एक छोटी वही ठेवायला लावते. दर महिन्याला तारीख घालून एक सही करायची. तुमच्या बँकेतल्या कारकुनाने नकळत तेच काम केलं.

आता हे झालं कसं? गोळी तर तेवढीच होती! लिथियम मीठाचं भावंड आहे. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांत फारसा फरक कळत नाही. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. तुम्ही मीठ तोडलंत, तिथून सुरुवात. त्यात डायक्लोफेनॅक (पाकिटावर तेच होतं) मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं, म्हणजे लिथियम बाहेर जाणं आणखी मंदावलं. आयब्युप्रोफेनचंही तेच. मग जुलाब. ते विषबाधेचं लक्षण असतात आणि पाणी कमी करून विषबाधा वाढवतातही. तुमच्या हातून चूक झाली असं वाटून घेऊ नका. 1949 मध्ये जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियातून उन्मादावर, म्हणजे बायपोलरमध्ये मन बेफाम उसळतं त्या अवस्थेवर, लिथियमचा उपयोग जगाला सांगितला. त्याच वर्षी अमेरिकेत लिथियम क्लोराइड मीठाला पर्याय म्हणून मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांना दिलं जात होतं, त्यातून माणसं दगावली आणि ते बाजारातून काढावं लागलं.

रक्तदाबाच्या काही गोळ्याही पातळी चढवतात: थायझाइड जातीच्या लघवीच्या गोळ्या, रॅमिप्रिलसारख्या, लोसार्टनसारख्या. त्या कधीच चालत नाहीत असं नाही. पण सुरू करताना, बदलताना लिथियम देणाऱ्या डॉक्टरला कळायला हवं, म्हणजे रक्त लवकर तपासता येतं.

नेहमीच्या तपासणीला शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देतात. संशय आला असेल तर बारा तास मोजत बसू नका, शेवटची गोळी किती वाजता घेतली तेवढं सांगा. आणि आकड्यावर विसंबू नका. वर्षानुवर्षं घेणाऱ्या वयस्कर माणसाला आकडा बरा दिसत असतानाही त्रास होऊ शकतो. चाल बिघडली आहे आणि रिपोर्ट "नॉर्मल" आहे, तर चालीवर विश्वास ठेवा आणि डॉक्टरांना तसं ठामपणे सांगा. मूत्रपिंड, थायरॉइड, कॅल्शियम यांच्या तपासण्या सहा महिन्यांनी होतच असतील.

गोळी बंद करावी का? वर लिहिलेली लक्षणं दिसली तर पुढचा डोस थांबवून हॉस्पिटल गाठायचं. पुन्हा कधी, किती, की दुसरंच औषध, हे तिथे ठरेल. एरवी, कंटाळा आला किंवा यादी वाचून धसका घेतला म्हणून एकाएकी बंद करू नका. लिथियम अचानक सोडलं की उन्माद उसळून येण्याची भीती असते, आणि तुमचे यजमान अकरा वर्षं ज्यापासून लांब राहिले ते तेच.

मीठ पुन्हा नेहमीइतकं करा, एकदम भरमसाट नको. वाढवलं तरी पातळी हलते, फक्त खाली. गुडघ्यासाठी बहुधा पॅरासिटामॉल आणि व्यायामावर भागेल, पण ते हाडांचे डॉक्टर बघतील. त्यांच्या केबिनमध्ये शिरताना पहिलं वाक्य गुडघ्याचं नको, "ह्यांना लिथियम चालू आहे" हे असू दे. औषधांच्या दुकानातही तेच.