इन्हेलर चालू आहे, तरी आईची धाप का थांबत नाही?

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ५८ वर्षांची, ठाण्यात राहते. वर्षभर कोरडा खोकला आहे आणि आता दोन जिने चढली तरी धाप लागते. दमा समजून सहा महिने इन्हेलर दिला, काही फरक नाही. टीबीची टेस्ट निगेटिव्ह, एक्स-रेमध्ये विशेष काही नाही म्हणाले. आईने आयुष्यात कधी विडी-सिगरेट ओढली नाही. मग झालंय काय, आणि आता कुठली टेस्ट करू?

उत्तर: ताई, टेस्टचं नंतर बघू, आधी सांगा, आईच्या बाल्कनीत कबुतरं बसतात का? एसीच्या बाहेरच्या युनिटमागे घरटं आहे का, आणि ती सुकलेली विष्ठा रोज सकाळी खराट्याने कोण झाडतं? हे विचारतेय कारण त्या धुळीने काहींच्या फुप्फुसाला आतून सूज येते, हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. २०१७ साली आलेल्या भारतातल्या रजिस्ट्रीत (पेशंटच्या एकत्रित नोंदींत) आयएलडीचे, म्हणजे फुप्फुसाचा मऊपणा जाऊन ते कडक होत जाणाऱ्या आजारांचे, १०८४ पेशंट होते आणि त्यातल्या ४७ टक्क्यांना हेच निघालं. नुसती कबुतरंच नाही, बुरशी धरलेल्या कूलरमुळेही होतं.

दम्यात छातीत शिट्टी वाजते, त्रास कधी जास्त कधी कमी असतो. यात धाप हळूहळू वाढतच जाते आणि पाठीला खालच्या बाजूला स्टेथो लावला की सँडलचा वेल्क्रो पट्टा ओढल्यासारखा चरचर आवाज येतो. म्हणून छातीच्या डॉक्टरांकडेच दाखवा आणि पाठीवर नीट तपासायला सांगा.

एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका, सुरुवातीला तो नॉर्मल दिसू शकतो. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन, करून घ्या, त्यात श्वास सोडल्यावरचे फोटोही हवेत, अडकलेली हवा त्यातच दिसते. सोबत स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो ते मोजणारी), आणि सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघायचा, कारण बसल्या जागी ९७ असलेला पेशंट चालल्यावर ८८ वर आलेला मी बघितलाय. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हिमोग्लोबिनही करा, धाप हार्टमुळे किंवा रक्त कमी असल्यानेही लागते. बोटं सकाळी आखडतात का, डोळे कोरडे पडतात का, हेही सांगा, संधिवातही फुप्फुसात उतरतो. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, लघवीच्या इन्फेक्शनसाठी महिनोन् महिने चाललेली नायट्रोफ्युरँटॉइनसुद्धा हे करू शकते.

कबुतरांच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी असते, पण तिच्या एकटीच्या भरवशावर निदान होत नाही, ना पॉझिटिव्हने ना निगेटिव्हने.

रिपोर्ट येईपर्यंत बाल्कनी आईला झाडू देऊ नका. दुसऱ्या कुणीतरी एन-९५ लावून, आधी पाणी मारून, ओलीच पुसून काढायची आणि मग जाळी बसवायची. स्टेरॉइड मात्र मनाने सुरू करू नका. बसल्या बसल्या ऑक्सिजन ९० च्या खाली गेला किंवा ओठ निळसर दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.