नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही

तुमच्या पत्राची तीन पानं डॉक्टरांच्या चुकीबद्दल आहेत आणि तारखा शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता आल्या आहेत. मला आधी त्या तारखांबद्दलच बोलायचं आहे, कारण बाकी सगळं त्यांच्यावर टांगलेलं आहे.

तुम्ही लिहिता त्यानुसार, ९ फेब्रुवारी २०२४ ला संध्याकाळी तुमचा अकरा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला आणि हँडलचं टोक त्याच्या पोटात बसलं. तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलात सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली. रात्रभर ठेवून १० तारखेला सकाळी घरी सोडलं. उलट्या थांबेनात म्हणून १३ ला पुण्याला नेलं, तिथे सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड तुटलेलं आणि त्याची मुख्य नलिका फाटलेली दिसली. डावीकडचा भाग काढावा लागला, प्लीहा वाचवता आली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तुम्ही तालुक्याच्या हॉस्पिटलला नोटीस दिलीत, ‘चर्चा करू’ असं उत्तर आलं, मार्च २०२५ मध्ये दुसरी नोटीस दिलीत. आणि आता, १२ जानेवारी २०२६ च्या पत्रात, भरपाई किती मिळेल असं विचारता आहात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. नोटिशीने ही मुदत थांबत नाही, वाढत नाही, नव्याने सुरूही होत नाही. समोरच्याने गोड उत्तर दिलं तरी नाही. महिन्याला अशी पाच-सहा पत्रं येतात, आणि प्रत्येकात ‘नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे वाक्य असतं. समोरचा वकील ‘चर्चा करू’ लिहितो तेव्हा त्याच्याही समोर कॅलेंडर असतं. हे तुम्हाला नोटीस लिहून देणाऱ्या वकिलांनी सांगायला हवं होतं आणि दीड वर्षात तुम्हीही विचारायला हवं होतं.

दोन वर्षं कुठून मोजायची? वैद्यकीय निष्काळजीपणात इजा लगेच कळण्यासारखी नसेल तर ती कळली त्या दिवसापासून, म्हणजे तुमच्या बाबतीत १३ फेब्रुवारीपासून, असा युक्तिवाद करता येतो आणि तो मजबूत आहे. पण समोरून १० तारखेचा, कदाचित ९ चाही आग्रह धरला जाईल. मुंबईच्या एका प्रकरणात १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या महिलेच्या पोटातून २००२ मध्ये गॉजचा तुकडा निघाला. तिने २००४ मध्ये तक्रार केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं पोट दुखत असताना ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे परत गेली नाही, हे तिच्या विरोधात गेलं. म्हणून आपण सगळ्यात आधीची तारीख धरू. ९ फेब्रुवारी २०२६ ला सोमवार आहे. तक्रार शुक्रवारी, ६ तारखेला दाखल झालेली हवी. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि नोटिशीची वाट पाहणं हे सहसा पुरेसं धरत नाहीत.

मुलगा अठरा वर्षांखालचा, कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’, असल्यामुळे मुदतीच्या कायद्याच्या कलम ६ चा (सज्ञान होईपर्यंत मुदत न मोजण्याच्या तरतुदीचा) आधार मिळू शकेल. तो ग्राहक आयोगापुढे कितपत टिकेल यावर मी पैज लावणार नाही, आणि तुमच्या स्वतःच्या खर्चाच्या मागणीला तर तो लागूच होत नाही. तक्रार दोघांच्या नावे करा: मुलगा ‘अज्ञान, तर्फे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) वडील’ आणि तुम्ही स्वतः. पालकही ग्राहक ठरतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच मान्य केलं आहे.

आता तुमचा मुख्य आरोप: ‘सीटी स्कॅन केला नाही म्हणजे निष्काळजीपणा.’ एवढ्यावर केस उभी करू नका, ती पडेल. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवं असतं. हँडलचा मार समोरून बसतो आणि ते कण्यावर चिरडलं जातं, पण आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत नीट दिसत नाही. रक्तातलं अमायलेज (स्वादुपिंडाला इजा झाली की वाढणारं पाचक द्रव्य) पहिल्या काही तासांत वाढलेलं नसूही शकतं. पहिल्या बारा तासांतला सीटीसुद्धा कधीकधी फसवतो. पहिल्या रात्री निदान हुकलं हे चांगल्या डॉक्टरच्याही हातून होऊ शकतं, आणि आयोग नेमकं तेच विचारतो: त्या जागी दुसऱ्या जबाबदार डॉक्टरने काय केलं असतं?

तुमची केस सकाळच्या डिस्चार्जमध्ये आहे. डिस्चार्ज कार्डचा जो मोबाइलवरचा फोटो पाठवलात, त्यात वरच्या भागात लिहिलंय, ‘सायकल हँडल, नाभीच्या वर गोल वळ’. खाली लिहिलंय, ‘पोट मऊ, रुग्ण स्थिर’. पोटावर हँडलचा गोल ठसा उमटलेल्या मुलात स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग यांची शंका घ्यायची असते. मुलाच्या आईच्या सांगण्याप्रमाणे पहाटे दोनदा उलटी झाली आणि पोटाला हात लावू देत नव्हता. हे नर्सच्या चार्टवर असेल तर प्रश्न सरळ आहे. अमायलेज पुन्हा का तपासलं नाही, सीटी किंवा मोठ्या हॉस्पिटलकडे चिठ्ठी का दिली नाही, आणि ‘उलटी झाली तर लगेच या’ एवढी ओळ तरी कार्डावर का नाही? नलिका फाटलेली असेल तर वेळ फार महत्त्वाचा, कारण पाचकरस पोटात सांडत राहतो. त्या तीन दिवसांत काय वाढलं हे पुण्याच्या सर्जनच्या शस्त्रक्रिया-नोंदीत दिसेल.

म्हणून तो चार्ट मिळवा. मूळ कार्ड मेडिक्लेमवाल्यांना दिलंत आणि झेरॉक्ससुद्धा ठेवली नाहीत, हे वाचून मला वाईट वाटलं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं रेकॉर्ड ठेवावं लागतं आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं. म्हणजे फेब्रुवारी २०२७ नंतर ‘नष्ट केलं’ हे उत्तर ऐकावं लागू शकतं. उद्याच लेखी अर्ज द्या: संपूर्ण केसपेपर, नर्सिंग चार्ट, तपासण्या. प्रत्यक्ष नेऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. नाही मिळालं तरी तक्रार थांबवू नका, न मिळाल्याचं तक्रारीतच लिहा. विमा कंपनीकडूनही प्रती मागा.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. तुमच्यात लागेल. तटस्थ बालशल्यचिकित्सक शोधा, पण त्यासाठी ६ तारीख पुढे ढकलू नका.

पोलिसांत गुन्हा नोंदवायचा विचार सोडा. त्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि तुमच्या कागदांत मला तो दिसत नाही. भरपाईचा आकडा आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तक्रार तुमच्या जिल्ह्यातच करता येते. जिल्हा आयोगाची कक्षा तुम्ही उपचारासाठी दिलेल्या पैशांवर ठरते, आणि ते पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्कही नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. मी असा निकाल पाहिलेला नाही. काही वर्षं लागतील, आणि ती वर्षं तुमच्या मुलाच्या शाळेची आहेत याची आयोगांना पर्वा असायला हवी होती.

मुलाची साखर वेळोवेळी तपासत राहा. स्वादुपिंडाचा भाग गेला आहे, मधुमेहाचा धोका राहतो, आणि ते रिपोर्ट पुढच्या नुकसानीचे पुरावेही असतील. त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. दाखल क्रमांक हातात आला की मला कळवा, मग तज्ज्ञाला कोणते प्रश्न विचारायचे ते बसून लिहू.