सावली आहे ना, मग टेन्शन कसलं?

या वेळी तुमची पत्रं वाचतानाच मला घाम फुटला. जवळजवळ सगळ्यांना झाडांमध्ये लग्न करायचंय आणि तारीख काढलीय ती भर उन्हाळ्यातली. माझ्या चुलत बहिणीचं लग्न असंच झालं होतं, मी तिथे होते, अजून सगळं आठवतं, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलते, चालवून घ्या.

ताई, आमचं लग्न मोठमोठ्या झाडांखाली आहे, दुपारी 12 ला. पाहुणे 150. त्या आठवड्यात 40 च्या आसपास जाईल असं अंदाजात दाखवतंय. घरचे म्हणतात, अगं सावली आहे तिथे, कशाला घाबरतेस. मी पाण्याचा फवारा मारणारे पंखे लावायचं म्हणतेय. पुरतील का?
– गोंधळलेली नवरी

अगं, पहिली गोष्ट, अंदाजात जो 40 चा आकडा दिसतो ना तो सावलीतलाच असतो. हवामानवाले थर्मामीटर उन्हात टांगत नाहीत, जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटरवर, पांढऱ्या हवेशीर पेटीत ठेवतात. त्यामुळे "सावली आहे" म्हणून त्यातून दहा अंश वजा करायला जाऊ नकोस. दाट झाडीत हवा काही अंश कमी असते, आणि खरा फायदा म्हणजे अंगावर थेट ऊन येत नाही, तो मोठाच आहे, पण तेवढाच.

दुसरं म्हणजे झाडीत वारा कमी आणि हवा दमट. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला तरच अंग गार होतं, आणि दमट बंद हवेत तो वाळतच नाही, नुसता पाठीवरून ओघळत राहतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान मिळतं त्याला वेट बल्ब म्हणतात, घाम किती काम करू शकेल ते त्यावरून कळतं. आता गंमत बघ, 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर हा आकडा येतो साधारण 23. आणि 34 अंश, आर्द्रता 70 टक्के, तर 29! म्हणजे दिसायला 34 बरं वाटतं पण माणसं पटापट बसतील ती तिथे. वेट बल्ब 35 ही माणसाची शेवटची मर्यादा असं 2010 मधल्या एका गाजलेल्या शोधनिबंधात मांडलं होतं, पुढे धडधाकट तरुणांवर प्रयोग केले तर दमट हवेत त्यांचं शरीर 31 च्या आसपासच हात टेकायला लागलं. म्हणून ॲपमध्ये तापमानाच्या शेजारी आर्द्रता पण बघत जा.

आता तुझे पंखे. फवाऱ्याचे पंखे कोरड्या हवेत मस्त चालतात. दमट झाडीत ते फक्त कपडे ओले करतात आणि तुझा मेकअप उतरवतात. तिथे साधे मोठे पंखे बरे, हवा हलती राहिली पाहिजे. पण तेही 40 च्या आत, त्याच्या वर नुसता पंखा उलट अंग तापवतो असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

म्हणून माझं खरं उत्तर, पंख्यांवर खर्च करण्याआधी वेळ बदल. 12 ला सुरू केलंस तर सगळा कार्यक्रम दिवसाच्या सगळ्यात तापलेल्या तासांत जाणार, कारण हवा सगळ्यात जास्त तापते ती दुपारी 3-4 च्या सुमाराला, बारा वाजता नाही. सकाळी 7 ला सुरू करून 10 ला आटोपा, नाहीतर संध्याकाळी 5 नंतर. घरचे कुरकुर करतील, करू देत. वेळ बदलायला पैसे लागत नाहीत आणि एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आणि जागा बघायला जाशील तेव्हा लग्नाच्याच वेळेला जा, चार तास थांब, आणि लग्नाच्या तारखेच्या जितक्या जवळ जमेल तितकं बरं. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, सावली त्याच्याबरोबर. बहिणीच्या लग्नात खुर्च्या सकाळी 9 ला सावलीत मांडल्या होत्या, काळ्या लोखंडी खुर्च्या, आणि साडेबारापर्यंत पुढच्या दोन्ही रांगा, म्हणजे नेमके सगळे म्हातारे, लख्ख उन्हात. एक मावशी मधेच पाणी प्यायला उठल्या, परत येऊन टेकल्या आणि अशा काही किंचाळल्या की भटजीसुद्धा थांबले! त्यामुळे दर अर्ध्या तासाला सावलीच्या कडेला एकेक दगड ठेव, वर वेळ लिही, फोटो काढ. खुर्च्या कुठे मांडायच्या ते त्या दगडांवरून ठरव, डेकोरेटरला काय सुंदर दिसतंय त्यावरून नको.

माझ्या भाच्याचं लग्न आहे, असंच झाडीत. पाहुण्यांत ऐंशी पार केलेले चौघे, एक हृदयरोगी आणि बरीच लहान मुलं. काय तयारी ठेवू? सगळी जबाबदारी माझ्यावर टाकलीय.
– नवरदेवाचे मामा

मामा, तुम्ही विचारलंत हेच बरं केलंत, बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कोणीतरी खाली कोसळल्यावरच पडतो.

ज्यांची औषधं चालू आहेत त्यांना आठवडाभर आधी फोन करा आणि डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, बीटा ब्लॉकर म्हणजे रक्तदाब-हृदयासाठीच्या एका प्रकारच्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्या, यांनी शरीराला उकाडा झेपेनासा होतो. मनाने गोळी बंद मात्र कोणीच करायची नाही. इन्सुलिन असेल तर ते गाडीत राहू देऊ नका. आणि गाडीत मूलही नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही, काच थोडी उघडी ठेवून वगैरे काही होत नाही.

म्हाताऱ्यांसाठी जवळच एखादी एसीची खोली किंवा एसी चालू असलेली गाडी, ड्रायव्हरसकट, राखून ठेवा. आणि त्यांना तहान लागायची वाट बघू नका, वयानुसार तहान कमी जाणवते. एका भाचीला हेच काम द्या, दर वीस मिनिटांनी ग्लास घेऊन फिरायचं आणि "प्याल का?" असं विचारायचं नाही, हातातच द्यायचा.

ग्रुप फोटोचा उगाच लांबणारा कार्यक्रम आवरता घ्या. उन्हाळ्यात बराच वेळ एका जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायात उतरतं आणि चांगली तरणी पोरंही धाडकन पडतात. असं कोणी पडलं आणि लगेच शुद्धीवर आलं तर आडवं झोपवा, पाय वर करा, थोड्या वेळाने पाणी द्या.

घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टीला. माणूस तापून लाल झालाय, असंबद्ध बोलतोय, कुठे आहे ते कळत नाही, उगाच चिडतोय, झोक जातोय, तर तो उष्माघात धरून चाला. अंगातलं तापमान तेव्हा 40 च्या वर गेलेलं असतं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही ही समजूत चुकीची आहे, घाम येत असतानाही होतो. एकाने लगेच अँब्युलन्सला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्या क्षणापासून त्याला गार करायचं. सावलीत न्या, जास्तीचे कपडे काढा, बादल्यांनी पाणी ओता, वारा घाला, मान-काखा-जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. महागाचे कपडे खराब होतील म्हणून हात आखडू नका, मी हे डोळ्यांनी बघितलंय, लोक ओला रुमाल कपाळावर ठेवून बसतात. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊन काही होत नाही, हा तो ताप नाही.

आणि झाडीत नेटवर्क असतं का ते आधी बघून या. जागेचे नकाशावरचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, कागदावर लिहून चार जणांच्या खिशात द्या, अँब्युलन्स नेमकी कुठल्या वाटेने आत येईल ते ठरवा आणि त्या वाटेवर कोणाला पार्किंग करू देऊ नका.

मैत्रिणीच्या लग्नात पाणी आणि खाणं मी बघतेय. 150 माणसं, पाच तास. किती पाणी लागेल गं ताई?
– अडकलेली मैत्रीण

बसलेल्या पाहुण्यांना तासाला अर्धा लिटर धर. 150 गुणिले 5 गुणिले अर्धा, झाले 375 लिटर, हे फक्त प्यायचं. वाढपी, वादक, फोटोग्राफर यांना दुप्पट धर, धावपळ करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास प्यायलाच हवा, आणि त्यांनाच सगळे विसरतात. हात धुणं आणि अडीअडचणीचं पाणी वेगळं. आमच्याकडे जारवाल्याची गाडी मातीच्या रस्त्यात रुतली आणि दोन वाजता पाणी संपलं होतं, तेव्हापासून माझा नियम आहे की पाणी आदल्या दिवशीच जागेवर पोचलं पाहिजे. टेबलं एकाच कोपऱ्यात नको, निदान चार ठिकाणी मांड, पन्नास पावलं उन्हातून चालायचं म्हटलं की लोक तहान मारतात.

बर्फ चुरा घेऊ नको, लाद्या घे, लाद्या हळू वितळतात. एक किलो बर्फ चार लिटर पाणी 30 अंशांवरून साधारण 8 अंशांवर आणतो, त्या हिशोबाने मागव आणि वर थोडा जास्त. ओआरएसची पाकिटंही ठेव. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा बरं का. दारू ठेवणार असाल तर उशिरा ठेवा, आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी.

खाण्याचं एकच लक्षात ठेव, 5 ते 60 अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. एरवी शिजवलेलं बाहेर दोन तास चालतं, पण हवा 32 च्या वर असेल तर एकच तास, मग फेकायचं. त्यामुळे सगळं एकदम मांडू नको, थोडं थोडं आण. दूध, क्रीम, मेयोनीज, चिरलेली फळं, हे तर बर्फावरच. आणि लोणी 32-35 अंशांनाच वितळतं, तेव्हा बटरक्रीमचा तीन मजली केक बाहेर मांडून ठेवलास तर फोटो होईपर्यंत तो एकमजली होईल, कापायच्या पाच मिनिटं आधी आण.

मेकअप आणि फुलं टिकवायला काय करू? आणि डास-किड्यांचं काय? ड्रेस भारीतला आहे, बदलणार नाही, आधीच सांगते.
– हट्टी नवरी

बरं बाई, नको बदलूस. आतलं अस्तर तरी सुती करून घे, बंद गळा असेल तर मागून मोकळा, आणि विधी झाल्यावर घालायला दुसरा हलका जोड ठेव. टाचेचे बूट झाडीतल्या भुसभुशीत मातीत रुततात, सपाट घाल, खाली कोणी बघत नाही.

मेकअप कमीत कमी, पातळ थर, पुसायचं नाही, टिपायचं. सनस्क्रीन सावलीतही लावायचं, एसपीएफ 30 किंवा वर, दर दोन तासांनी परत. पण झिंक किंवा टायटॅनियमवालं सनस्क्रीन फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढराफटक दाखवतं, घरी अंधारात एक फोटो काढून बघ. किड्यांचं औषध लावायचं तर आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून औषध. कडक सेंट मारू नको, मधमाश्या येतात. घरी गेल्यावर अंगावर गोचीड आहे का बघ, असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ ओढायची, तेल किंवा काडी लावत बसू नका.

फुलं बादलीत, सावलीत, आणि सगळ्यात शेवटी लावायची. ऑर्किडसारखी जाड पाकळीची टिकतात, नाजूक फुलं तासाभरात माना टाकतात.

संध्याकाळचं लग्न ठरवलंय. झाडाझाडांत मेणबत्त्या आणि शेवटी आकाशात उडणारे पेटते कंदील सोडायचे, कसं वाटतं?
– स्वप्नाळू जोडपं

वाईट वाटतं. खाली वाळका पाचोळा, वर वाळक्या फांद्या आणि मधे तुम्ही ज्योत हवेत सोडणार, जी कुठे उतरेल ते कोणाच्याच हातात नाही. नको म्हणजे नको. बॅटरीवरचे बारीक दिवे लावा, अंधारात तेवढेच गोड दिसतात. बऱ्याच जंगलांत उन्हाळ्यात आगीवर बंदी असते, तीही विचारून घ्या.

मेणबत्त्यांचं तरी लोकांच्या डोक्यात येतं, गाड्यांचं येतच नाही. गाडीच्या खाली धूर साफ करणारा भाग असतो तो इतका तापतो की उंच वाळक्या गवतावर गाडी लावली तर गवत पेटू शकतं. पार्किंग मोकळ्या मातीवर किंवा गवत आधी कापून. जनरेटर लांब, भोवतीचा पाचोळा झाडून, आणि गरम असताना त्यात डिझेल ओतायचं नाही. पाण्याची पिंपं आणि आग विझवायचं यंत्र जनरेटरपाशी एक, स्वयंपाकापाशी एक.

हो, आणि ज्या झाडाखाली उभे राहणार ते झाडांच्या जाणकाराला दाखवा. कडक उन्हाळ्यात, वारा अजिबात नसताना, जुन्या मोठ्या झाडाची चांगली हिरवी आडवी फांदीही अचानक मोडून पडते, हे होतं, दुपारी जास्त होतं. लांब आडव्या फांद्यांखाली ना व्यासपीठ, ना खुर्च्या.

लग्नाचं शूटिंग मोबाइलवरच करणार आहोत. गरमीत काही प्रॉब्लेम येईल का?
– नवरीचा भाऊ

येईल. आयफोन 0 ते 35 अंशांत वापरा असं ॲपल स्वतःच सांगते, बाकीचे फोनही तापले की स्क्रीन अंधारी करतात, मग चार्जिंग थांबवतात, मग बंद. दोन फोन आळीपाळीने वापर, कव्हर काढ, शूटिंग करताना चार्जिंगला लावू नको. आणि तापलेला फोन बर्फाच्या पेटीत ठेवू नको रे, आत पाणी सुटतं, माझ्या भावाने नेमका तोच उद्योग केला होता आणि त्या लग्नाचा निम्मा व्हिडिओ आजवर कोणी बघितलेला नाही.